पाकटाचं पित्त

“नुसता पित्त?” फुलाबायने कोयती हवेतच थांबवली. “मासा नको?”

“मासा तुम्ही विका. मला फक्त पित्ताची पिशवी द्या. फुटू देऊ नका, म्हणजे झालं.”

फुलाबायने आधी त्या परक्या बाईकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिच्या घरातली दोन पोरं माझ्या चित्रकलेच्या वर्गात होती, त्यामुळे ती मला ओळखत होती.

“मास्तर, काय म्हणते ही?”

“म्हणतात ते खरं आहे,” मी म्हणालो. “पाकटाचं पित्त हवंय. औषधाला नाही, शास्त्राच्या कामाला.”

मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्या नुकत्याच लागल्या होत्या. टोपल्या, बर्फ, कावळे, आरडाओरडा. फुलाबायसमोर सुपाएवढं चपटं पाकट पालथं पडलं होतं, शेपटी आधीच तोडून टाकलेली. तिने ते उलटं केलं, पोटावरून कोयती फिरवली आणि आत हात घातला.

“जहर कडू असतंय हां, बाय. कुणाला पाजतेस? नवऱ्याला?”

आजूबाजूच्या सगळ्या जणी खो खो हसल्या. मीही हसलो. शरयू मोहरील हसली नाही. तिने काचेची बाटली पुढे धरली आणि फुलाबायच्या बोटांत लोंबणारी जांभळाएवढी हिरवीगार पिशवी अलगद आत सोडून घेतली.

तोंडावर मी तिला मोहरीलबाई म्हणायचो आणि ती मला नेवरेकर. तिचं नाव मी एकदाही उच्चारलं नाही. आता इतक्या वर्षांनी लिहिताना उच्चारतो आहे, तेवढंच.

ती नागपूरची. रत्नागिरीला आली तोवर तिने समुद्र पाहिला नव्हता. समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात तिला टेबल, सूक्ष्मदर्शक आणि खिडकीजवळची जागा मिळाली होती. शिंपल्यातल्या कालवांना कीड लागते तेव्हा कालवं काय करतात, हा तिचा विषय. सूक्ष्मदर्शकातून दिसतं त्याची चित्रं हवी होती आणि फोटो काढायची सोय तिथे नव्हती. तेव्हा ती आमच्या शाळेत आली आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, “ज्याचा हात थरथरत नाही असा माणूस द्या.” मुख्याध्यापकांनी मला पुढे केलं. शाळा सुटली की मी सायकल दामटत केंद्रावर जायचो आणि उजेड असेपर्यंत काढत बसायचो.

पहिल्या दिवशी मी काय काढतोय तेच मला कळत नव्हतं. नुसते गोल गोल थर, कापलेल्या कांद्यासारखे.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“गाठ. कालवाच्या मांसातली. खसखशीच्या दाण्याएवढी असते.” ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली. “तुमच्या पायात काटा मोडला तर काय करता?”

“काढतो.”

“त्याला हात नाहीत. पळताही येत नाही, जन्मभर एकाच दगडाला चिकटलेलं. मग ते काय करेल?”

तिने टेबलावरचा एक शिंपला उचलून माझ्यासमोर धरला. आतल्या चकचकीत बाजूवर एक तपकिरी फुगवटा होता. बाहेरून एक किडा शिंपल्याला भोक पाडत आत येतो, ती सांगू लागली, तेव्हा कालव आतून गिलावा करतं. किडा पुढे सरकला की हे पुन्हा गिलावा करतं. भिंत पोखरणारा एक आणि भिंत लिंपणारा एक, असं वर्षानुवर्षं चालतं.

“आणि मांसात शिरला तर?”

“तर रक्तातल्या पेशी धावून येतात. बारीकसा असेल तर सरळ गिळून टाकतात. मोठा असेल तर त्याच्याभोवती गोळा होतात, एकीवर एक, एकीवर एक. तीच ही गाठ.”

“म्हणजे मोतीच की.”

“मोती वेगळा.” ती हसली. “पण कूळ एकच म्हणा हवं तर.”

“आणि आतला किडा?”

“मरतो,” ती म्हणाली. “आमचे सर म्हणतात, मरतो. माझा सगळा प्रबंध त्यावरच उभा आहे.”

तो पावसाळा असाच गेला. मी गाठी काढत गेलो. थर, थरांच्या आत आणखी थर, आणि मधोमध गुंडाळी करून बसलेला एक जंत. ती मला रेषा पुसायला लावायची, पुन्हा काढायला लावायची, आणि जमलं की नुसती मान हलवायची. त्या मानेसाठी मी वाट्टेल ते केलं असतं. तिच्या बोटांना कायम शाई लागलेली असायची. पदर कमरेला खोचलेला. मासळीच्या वासाने पहिले काही दिवस तिला जेवण जात नव्हतं, मग हळूहळू जायला लागलं. आमच्या आक्काने दिलेल्या सोलकढीचं तिला इतकं अप्रूप वाटलं की आक्का दर दोन दिवसांनी बाटली भरून द्यायला लागली.

आक्का माझी थोरली बहीण. विधवा झाल्यापासून माझ्याकडेच असायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

“विचार तिला एकदाचं,” ती म्हणाली. “तिशी उलटली तुझी. ती काय सारखी इथं बसून राहणार आहे?”

“लोक काय म्हणतील? कुठली ती, कुठला मी.”

“लोकांचं मी बघते. तू विचार.”

मी विचारणार होतो. फक्त एक गोष्ट मला अडवायची. शाळा सुटली की आमच्या प्राथमिक वर्गांची पोरं केंद्रापुढच्या रस्त्याने कलकलाट करत घरी जायची. कामात कितीही बुडालेली असली तरी त्या वेळी शरयूचं लक्ष उडायचं. हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर असायचा, तोंड खिडकीकडे. मला वाटायचं, समुद्र बघतेय. नागपूरच्या माणसाला समुद्राचं वेड लागतं, असं मी आक्काला सांगितलंही होतं.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी तिने माझं ताजं चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ ठेवलंच नाही.

“चुकलं का?” मी विचारलं.

“नाही. बरोबर आहे. तेच तर.” तिने मधल्या जंतावर पेन्सिलीचं टोक टेकवलं. “हे स्नायू बघा. किती स्पष्ट आहेत. मेलेलं अंग इतके दिवस असं राहतं का? आतापर्यंत विरघळायला हवं होतं.”

“मग जिवंत असेल.”

“काचपट्टीवरून कसं सांगणार? कालव उघडलं की आपण ते औषधात टाकतो. औषधात पडलं की सगळंच मरतं. तो आधी मेला होता की आपण मारला, हे काचपट्टी सांगत नाही.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “मेला असेल असं सरांनी धरलं. मीही धरलं. कुणी बघितलं मात्र नाही.”

बघायचं कसं, ते तिनेच शोधून काढलं. त्या जंताचं खरं घर कालव नव्हे, पाकट. पाकट कालवं कडाकडा फोडून खातं, तेव्हा जंत त्याच्या आतड्यात पोचतो आणि तिथे वाढतो. तोवर तो गाठीत असतो. गाठ अर्धवट उघडून तिच्यावर पाकटाचं पित्त टाकलं, तर आतल्याला वाटेल की आपण पोचलो. जिवंत असेल तर बाहेर येईल.

म्हणून आम्ही त्या शनिवारी मिरकरवाड्याला आलो होतो. शाळा सकाळची होती, ती मी रजा टाकून बुडवली. परत जाताना विचारायचं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. आक्काने इस्त्रीचा सदराही काढून ठेवला होता.

बंदरावरून केंद्रापर्यंत आम्ही चालत गेलो. तिने बाटली पदरात गुंडाळून दोन्ही हातांनी धरली होती. ती इतकी गप्प होती की मी दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोललो.

कालवं तिने पहाटेच आणवून ठेवली होती. सुरी घालून एक एक उघडायची, मांस काचेच्या बशीत घ्यायचं, सुयांनी चाचपत गाठ शोधायची. पहिल्या चार कालवांत काही नव्हतं. एकात शिंपल्याच्या आत इवलासा मऊ खेकडा बसलेला निघाला. ती म्हणाली, “हाही फुकटाच राहणारा,” आणि त्याला बाजूला ठेवलं. मग एका मोठ्या जुन्या कालवात गाठी सापडल्या. एका सुईने गाठ धरून दुसऱ्या सुईने तिने वरचे थर चिरले. माझा हात थरथरत नाही म्हणून मी नेमलेला, पण त्या दिवशी तिचा हात पाहिला. दगडासारखा स्थिर होता. मग पाण्यात मिसळलेल्या हिरव्या पित्ताचा एक थेंब.

आम्ही थांबलो. ती भिंगाला डोळा लावून, मी तिच्या मानेवरच्या सुटलेल्या केसांकडे बघत. बाहेर रस्त्यावरून पोरं गेली. शनिवार, लवकर सुटलेली. ती या वेळी खिडकीकडे वळली नाही.

“नेवरेकर,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. “बघा.”

मी वाकलो. आधी काही कळलं नाही, नुसतं हिरवट पाणी. मग गाठीच्या चिरेतून एक बोथट टोक बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. सदऱ्याच्या बाहीत अडकलेला हात बाहेर यायला बघतो ना, तसं. शेवटी अख्खा जंतच निसटून बाहेर पडला आणि त्या थेंबात वळवळत इकडेतिकडे चाचपू लागला.

“जिवंत आहे!” मी ओरडलो. “बाई, जिवंत आहे!”

“हो.”

“सर काय म्हणतील आता?”

मी भराभर पेन्सिल काढली, कागद ओढला, दिसेल तसं काढत सुटलो. मान वर केली तेव्हा ती खिडकीशी उभी होती. रस्ता रिकामा होता.

“किती दिवस असेल तो आत?” मी विचारलं.

“कालव जुनं आहे. दोन-तीन वर्षं तरी.” मग तशीच पाठमोरी ती म्हणाली, “नेवरेकर, तुम्ही लहान वर्गांनाही शिकवता ना? पहिलीच्या?”

“शिकवतो.”

“मग सहा वर्षांचं मूल कसं दिसतं, तुम्हाला ठाऊक असेल. किती उंच, चेहरा कसा भरतो, दात वगैरे.”

“असेल की. का?”

“मला एक चित्र काढून पाहिजे,” ती म्हणाली. “माझ्या मुलाचं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती वळली. डोळे कोरडे होते, रडली नव्हती.

“अडीच वर्षांचा होता, तेव्हा शेवटचा पाहिला. फोटो एकही नाही माझ्याजवळ. आता सहाचा झाला. जसा असेल तसा काढाल?”

मी हो म्हणालो. त्या सदऱ्यात उभं राहून दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्या दिवशी रविवार. केंद्रात चिटपाखरू नव्हतं. मी कार्ट्रिज कागद आणि कोळशाच्या कांड्या घेऊन गेलो. ती खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसलेली होती, फोटोला बसतात तशी ताठ.

“कुणावर गेलाय?” मी विचारलं.

“माझ्यावर, असं सगळे म्हणायचे.”

“मग मला तुमच्याकडे बघावं लागेल.”

“बघा ना,” ती म्हणाली.

पावसाळाभर मी तिच्याकडे चोरून बघत आलो होतो, वाकलेल्या मानेकडे, शाईच्या बोटांकडे. त्या दुपारी मला उघड परवानगी मिळाली. कपाळ किती रुंद, भुवया कुठे सुरू होतात, डाव्या डोळ्याची पापणी उजवीपेक्षा किंचित जड, हे सगळं मी पाहिलं. माणसाला एवढं बघायला मिळावं आणि त्याचं काही करता येऊ नये, असा प्रकार होता तो.

“नाक?”

“नाक तेव्हा नव्हतंच हो, नुसतं बटण होतं.” ती पहिल्यांदा हसली. “केस मात्र दाट. डोक्यावर दोन भोवरे. तेल लावलं तरी उभे.”

“नाव काय त्याचं?”

“श्रीरंग.”

मग ती तुकड्यातुकड्याने सांगत गेली. मी विचारत नव्हतो, कोळसा फिरवत होतो. नवरा वकील होता. बाळंतपणानंतर तिला कसलं तरी दुखणं लागलं. उठावंसं वाटेना, बोलावंसं वाटेना, मूल रडलं की तीही रडायची. सासरच्यांनी विश्रांतीसाठी म्हणून माहेरी पाठवलं. मधे एकदा नेलं, पुन्हा पाठवलं. ती बरी झाली तोवर तिकडे ठरलेलं होतं. कोर्टात तिचं दुखणंच तिच्यासमोर वाचून दाखवलं गेलं. मूल बापाकडे राहिलं.

“भेटू देत नाहीत?”

“एकदा गेले होते. दारातच सासूबाई म्हणाल्या, आता तो आत्यालाच आई म्हणतो. नीट रुळलाय. तुला पाहिलं तर पुन्हा ढवळून निघेल.” तिने हात मांडीवर उलटे करून ठेवले. “खोटं नव्हतं वाटलं मला ते. माझे बाबाही म्हणाले, लहान आहे, विसरेल. आतापर्यंत विसरलाही असेल. तूही कामाला लाग. मी लागले.”

“आणि आता?”

“आता काय, मीही धरूनच चालले होते ना.” तिच्या बोलण्यात एकदम नागपूर आलं. “काय करून राहिले होते मी इतके दिवस इथं? जाऊन बघायला काय झालं होतं?”

मी पुन्हा कागदाकडे वळलो. जबडा, हनुवटी, मानेचा वळसा, एवढंच राहिलं होतं. तिची हनुवटी निमुळती होती. सहा वर्षांच्या मुलाला ती शोभत नव्हती, म्हणून मी हाताला येईल तशी काढली आणि वर थोडी सावली दिली.

चित्र तिने खिडकीच्या उजेडात धरलं. कागदाला स्पर्श न करता तिचं बोट त्या केसांवरून फिरलं, भोवऱ्यापाशी थांबलं.

“मोठा झालाय,” ती म्हणाली.

सोमवारी ती नागपूरला गेली. आक्का विचारत होती, विचारलंस का? मी म्हणालो, विचारायचं काही राहिलं नाही. आक्काने पुढे छेडलं नाही. इस्त्रीचा सदरा घडी घालून परत ठेवला.

दिवाळीची सुट्टी संपली. मी सवयीने केंद्रावरून सायकल न्यायचो. खिडकी बंद असायची. एका संध्याकाळी ती उघडी दिसली.

ती सामान बांधत होती. काचपट्ट्यांच्या पेट्या, पुस्तकं, सुया, सगळं टेबलावर काढलेलं. मला पाहून तिने हातातलं खाली ठेवलं.

“या. बसा. तुमचं चित्र साफ चुकलं, नेवरेकर.”

“भेटला?”

“अगदी बापावर गेलाय. नाक तेच, कान तेच. माझं काही नाही त्याच्यात. मी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. तुमचं चित्र हातात. पोरं सुटली, शंभर पोरं समोरून गेली. एकाचाही चेहरा जुळेना. मी ओळखलंच नाही त्याला.”

“मग?”

“एक मुलगा येऊन समोर उभा राहिला. दप्तर पोटाशी धरून. म्हणाला, तुम्ही माझी आई आहात का?”

मी स्टुलावर टेकलो.

“मला वाटलं, ह्याने ओळखलं. तेवढ्यात फाटकावरचा शिपाई हसत पुढे आला.” ती थांबली, ओठ दाताखाली धरला, मग पुढे म्हणाली, “म्हणाला, बाई, मनावर घेऊ नका. हा पोरगा असाच आहे. फाटकाशी नवीन बाई दिसली की जाऊन विचारते. कुणालाही विचारते.”

बाहेर रस्त्यावरून कुणी तरी घंटी वाजवत गेलं. ती डोळे पुसत नव्हती. ते आपापले वाहत होते.

“आत्याला आई म्हणत होता ना?” मी म्हणालो.

“म्हणतो. घरी म्हणतो. आणि बाहेर विचारत फिरतो.” तिने नाक ओढलं. “मी विचारलं, नाव काय तुझं? म्हणाला, श्रीरंग. मी म्हणाले, हो. मी आहे.”

पुढचं तिने घाईघाईने सांगितलं. सासरच्यांनी गोंधळ घातला. ती पुन्हा कोर्टात जाणार होती. नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायची जागा मिळत होती, शाळेपासून दोन गल्ल्यांवर. प्रबंध तिथूनच पुरा करायचा. सरांना तिने कळवलं होतं की गाठीतला जंत जिवंत असतो. ते आधी चिडले, मग म्हणाले, पुन्हा करून दाखव.

“पित्त तिकडे कुठून मिळणार?” मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न, पण काही तरी विचारायचं होतं.

“इथं येईन की. नाही तर तुम्ही पाठवाल.”

मग तिने पुस्तकांमधून माझं चित्र काढलं आणि टेबलावर पसरलं. दोघंही बघत राहिलो.

“छान आहे पण हा,” ती म्हणाली. “डोळे माझेच. कपाळही.” बोट खाली सरकलं. “ही हनुवटी कुणाची? माझी नाही. त्याच्या वडलांची तर नाहीच.”

मी पाहिलं आणि मला कळलं. चौकोनी, मधोमध खळगा. रोज सकाळी दाढी करताना जिच्यावरून वस्तरा जपून न्यावा लागतो, ती. काढताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

ती चित्राकडून माझ्याकडे वळली. आजवर तिने माझ्या हाताकडे, कागदाकडे, पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं होतं. आता चेहऱ्याकडे पाहत होती, सावकाश, कपाळापासून खाली, मी तिच्याकडे पाहिलं होतं तसं. मी मान खाली घातली नाही.

“मी तुमच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही, नेवरेकर,” ती म्हणाली.

“कामात होता तुम्ही.”

“हो,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “जावं लागेल मला.”

“माहीत आहे.”

“हे नेऊ, की तुम्ही ठेवता?”

“तुमच्याजवळ आता खरा आहे,” मी म्हणालो. “हा राहू दे माझ्याकडे.”

सकाळी कोल्हापूरच्या एसटीवर मी तिच्या पेट्या चढवल्या. आक्का आली होती. तिने सोलकढीची बाटली दिली आणि वाटेत नासेल, आजच पिऊन टाक, असं तीनतीनदा बजावलं. गाडी सुटताना शरयूने खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं निरोपासाठी हलवेल. तिने तो तसाच धरला, नुसता, आणि मी गाडीबरोबर चार पावलं चाललो. मग गाडीने वेग घेतला.

ती पुन्हा रत्नागिरीला आली नाही. पित्ताच्या बाटल्या मी दोन वेळा पाठवल्या, बर्फात घालून, कोल्हापूरपर्यंत एसटीने, पुढे रेल्वेने. पुढे तिला तिकडेच काही सोय झाली असावी. केंद्रातल्या एकांना ती कुठल्याशा परिषदेत भेटली होती. त्यांच्याकडून कळलं, कोर्टाने आधी रविवारपुरती भेट दिली, आणि मुलगा मोठा झाल्यावर स्वतःच दप्तर उचलून तिच्याकडे राहायला गेला. ऐकून मी घरी येईपर्यंत सायकल हातात धरून चालत आलो. तो आनंद होता, की दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

माझं लग्न झालं, उशिरा. आक्काने देवरूखची मुलगी पाहिली. संसार चांगला झाला. दोन मुली झाल्या.

धाकटी शाळेत जायला लागली तेव्हाची गोष्ट. सुट्टीत माझे जुने कागद उपसत बसली होती. थरांच्या गाठी, शिंपले, वळवळता जंत, यांतलं तिला काही आवडलं नाही. मग कागदांच्या तळाशी तो मुलगा सापडला. तो घेऊन ती माझ्याकडे आली.

“बाबा, हा कोण?”

“एका ओळखीच्या बाईंच्या मुलाचं काढलं होतं.”

“मग त्यांनी नेलं का नाही?”

“त्यांचा असा नव्हता.”

तिला ते पटलं नाही. तिने चित्र जमिनीवर ठेवलं, गुडघे टेकून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, उभ्या केसांवरून हात फिरवला. कोळसा तिच्या बोटांना लागला.

“ह्याचं नाव काय?”

“ह्याला नाव ठेवायचं राहून गेलं,” मी म्हणालो.